आंबोलीचे वर्षावन आणि गावातील शाळा : गटसहलीचे नियोजन कसे करावे

निसर्गमंडळे, महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त मित्रांचे गट आणि एकाच कार्यालयातील सहकारी अलीकडे जंगलभ्रमण आणि ग्रामीण शाळेची भेट असे दोन्ही कार्यक्रम एकाच सहलीत जोडू लागले आहेत. कल्पना उत्तम आहे, परंतु तिची आखणी बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी सर्वांच्या रजा जुळवून शनिवार-रविवार पक्का केला जातो, मग राहण्याची सोय होते, आणि शेवटच्या आठवड्यात एखाद्या शाळेत जाता येईल का याची चौकशी सुरू होते. त्यामुळे शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी शाळा उघडावी लागते आणि मुलांना पाहुण्यांसाठी घरून बोलावून आणावे लागते. माझे म्हणणे असे आहे की अशा सहलीचा आराखडा शाळेच्या वेळापत्रकापासून सुरू करावा आणि जंगलाचा कार्यक्रम त्याभोवती बसवावा. जंगल शुक्रवारीही तितकेच हिरवे असते. शाळा मात्र ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळीच भरते.

पुढील सर्व विवेचन सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे ठिकाण समोर ठेवून केले आहे. सह्याद्रीतील दुसऱ्या एखाद्या घाटमाथ्यावर जाणाऱ्या गटालाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

जागा आणि हंगाम

सावंतवाडीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास वसलेल्या आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथील जंगल नेमकेपणाने सांगायचे तर निमसदाहरित आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, फणस अशी झाडे, त्यांच्यावर चढलेल्या वेली, खोडांवरचे शेवाळ आणि आमरी (ऑर्किड) यांमुळे पावसाळ्यात ते कोणत्याही वर्षावनाइतकेच घनदाट भासते. आंबोलीची खरी श्रीमंती मात्र लहान जीवांत आहे. जांभ्याच्या उघड्या कातळावर आढळणारा आंबोलीचा भेक शास्त्रज्ञांनी 2009 साली स्वतंत्र जाती म्हणून नोंदवला आणि आज त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त उभयचरांत होते. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील एका रंगीत, बोटभर माशाला 2020 साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले, आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने तो परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केला. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करणारा मलबारचा उडता बेडूक, गांडुळासारखे दिसणारे पण उभयचर असलेले देवगांडूळ आणि मलबारी चापडा हा विषारी साप हे सर्व पाहण्यासाठी अभ्यासक येथे दुरून येतात.

जुलै आणि ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी मुख्य धबधब्याजवळ वाहनांची रांग लागते. घाटात दरड कोसळण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक असते, आणि अतिवृष्टीचा इशारा मिळाल्यास जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात तेव्हा शिक्षक प्रवेश, पाठ्यपुस्तके आणि नोंदींच्या कामात असतात, आणि गावातील घरोघरी भातशेतीच्या कामांची धांदल चालू असते. भाद्रपदात गणपतीचे दिवस आले की कोकणातील गावांत दुसऱ्या कोणत्याही कामाचा विषय काढू नये, हे मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही. शाळाही तेव्हा बंद असतात. या सर्व गोष्टी जुळवून पाहता गौरी-गणपती आटोपल्यानंतरचा, म्हणजे बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धाचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. पाऊस उतरणीला लागलेला असतो, ओढे वाहते असतात, सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, रानफुले असतात आणि शाळेची सत्र परीक्षा अजून थोडी लांब असते. ज्यांना बेडकांचा विणीचा हंगामच पाहायचा आहे त्यांनी जूनच्या अखेरीस जावे, मात्र तेव्हा शाळेची भेट रद्द होण्याची तयारी मनात ठेवावी.

वारांची निवडही महत्त्वाची आहे. गुरुवारी संध्याकाळी पोहोचावे, शुक्रवारचा पूर्ण दिवस जंगलासाठी ठेवावा आणि शनिवारी सकाळी शाळेत जावे. शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळी भरतात. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शासनाने ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला असल्याने त्या दिवशी दप्तराविना शिकण्याला, खेळाला आणि हस्तकलेला वाव असतो, आणि पाहुण्यांमुळे गणिताचा किंवा भाषेचा तास बुडत नाही. जंगल आधी आणि शाळा नंतर हा क्रम मी मुद्दाम सुचवतो. जंगलात दिवसभर फिरल्यावर गटाकडे खरे प्रश्न जमा झालेले असतात, आणि त्यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्या परिसरात वाढलेल्या मुलांकडे असतात.

शाळेशी पहिले बोलणे

भेटीच्या किमान सहा आठवडे आधी मुख्याध्यापकांशी संपर्क साधावा. शक्य असल्यास गावातील परिचित व्यक्तीमार्फत, म्हणजे ज्यांच्याकडे मुक्काम करणार आहात ते घरमालक, सरपंच किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा एखादा सदस्य यांच्यामार्फत ओळख करून घ्यावी. त्यानंतर रीतसर पत्र लिहावे. पत्रात गटातील सर्वांची नावे, वय, व्यवसाय, भेटीचा हेतू, नेमकी वेळ आणि काय करणार याचा तपशील असावा. मुख्याध्यापक हे पत्र केंद्रप्रमुखांकडे किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतील. लेखी होकार हातात आल्याशिवाय रेल्वेची तिकिटे काढू नयेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी अनोळखी प्रौढांच्या प्रवेशावर शाळेने अटी घातल्या, ओळखपत्रे मागितली, तर त्याचे स्वागतच करावे. जी शाळा काहीही न विचारता वीस अनोळखी माणसांना आत घेते, तिच्याबद्दल मला काळजी वाटते.

पहिल्याच संभाषणात पटसंख्या विचारावी. सिंधुदुर्गातील अनेक वाड्यांवरच्या प्राथमिक शाळांत वीसपेक्षा कमी मुले आणि दोन शिक्षक असतात. अशा शाळेत पंचवीस जणांचा गट शिरला तर मुले भिंतीला टेकून गप्प उभी राहतात आणि मोठी माणसेच एकमेकांशी बोलत राहतात. पाहुण्यांची संख्या मुलांच्या निम्म्याहून अधिक नसावी, असा साधा नियम मी मानतो. पट सोळा असेल तर आठ जणांनी शाळेत जावे. उरलेल्यांनी त्या वेळेत हिरण्यकेशीचा परिसर पाहावा किंवा गावातील एखाद्या शेतकऱ्याकडून नाचणीची आणि भाताची शेती समजून घ्यावी. गट मोठाच असेल तर मोठ्या पटाची शाळा निवडावी, मात्र दोन तुकड्या करून एकाच शाळेत लागोपाठ पाठवू नयेत.

भेटवस्तूंचा प्रश्न याच टप्प्यावर मिटवावा. काय आणावे हे गटाने परस्पर ठरवू नये. मुख्याध्यापकांना विचारावे आणि त्यांनी ‘काही नको’ असे संकोचाने सांगितले तर शाळेच्या वाचनालयाला कोणत्या वयोगटाची पुस्तके हवी आहेत असा नेमका प्रश्न करावा. मोठ्या अक्षरांतील मराठी गोष्टींची पुस्तके, चांगले भिंग, मोजपट्ट्या, रंगीत खडू, दोरीउड्या अशा गोष्टी वर्षभर वापरात राहतात. जुने कपडे, उरलेल्या वह्या, कंपनीचे चिन्ह छापलेल्या पिशव्या नेऊ नयेत. रोख रक्कम द्यायची असेल तर ती शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरून पावती घ्यावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीतील तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे पैशाचा विनियोग कशावर व्हावा हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

वाटाड्या, परवानगी आणि गटाची शिस्त

आंबोलीत जंगलाची चांगली जाण असलेले स्थानिक वाटाडे आहेत. आठ ते दहा जणांमागे एक वाटाड्या असावा आणि त्याचे मानधन आधी ठरवून, घासाघीस न करता द्यावे. कोणत्या वाटेवर वनविभागाची परवानगी लागते, कोणत्या वाटा पावसात बंद असतात आणि शुल्क कोठे भरायचे याची माहिती आंबोलीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून आधीच घ्यावी. परवानगी वाटाड्याच्या भरवशावर सोडू नये, ती गटप्रमुखाने स्वतः हातात घ्यावी.

पहिल्यांदा जंगलात जाणाऱ्या गटासाठी चार-पाच किलोमीटरचे अंतर आणि चार तासांचा वेळ पुरेसा आहे. महादेवगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपासचे जंगल अशा गटाला सोयीचे पडते, कारण कोणाला थकवा आला तर लगेच रस्त्यावर परतता येते. कावळेसादच्या कड्यावर वाऱ्याच्या झोताने दरीतील पाणी उलटे वर उडते. हे दृश्य विलक्षण असले तरी तेथील कठड्यापलीकडे कोणीही पाऊल टाकू नये आणि दाट धुक्यात तेथे जाऊच नये.

निघण्यापूर्वी परतीची वेळ निश्चित करावी आणि ती मुक्कामाच्या ठिकाणी थांबणाऱ्या एका व्यक्तीला सांगून ठेवावी, कारण जंगलात मोबाइलचे जाळे अनेक जागी मिळत नाही. रांगेत सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे अनुभवी सदस्य असावा. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्या व्यक्तीकडे लक्ष ठेवावे. घाटमाथ्यावरील ओढा वरच्या बाजूला पडलेल्या पावसाने काही मिनिटांत फुगतो, म्हणून गुडघ्यापेक्षा खोल किंवा गढूळ होत चाललेले पाणी ओलांडू नये. पलीकडे अडकून पडलेला गट ही वाटाड्याची आणि गावकऱ्यांची डोकेदुखी होते.

जंगलात कसे वागावे

फिक्या किंवा मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार आत खोचता येईल असे लांब मोजे, चांगली पकड असलेले बूट आणि पाठीवरच्या पिशवीसाठी पावसाळी आवरण इतके प्रत्येकाजवळ असावे. छत्री झाडीत अडकते, रेनकोट बरा. बूट घरून निघण्यापूर्वी स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. बेडकांच्या त्वचेला ग्रासणारी एक घातक बुरशी ओल्या चिखलातून एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ शकते, आणि आंबोलीसारख्या ठिकाणी तिचे गांभीर्य अधिक आहे. याच कारणाने बेडूक हातात घेऊ नयेत. माणसाच्या हातावरील कीटकरोधक मलम त्यांच्या पातळ त्वचेतून थेट शरीरात शोषले जाते.

छायाचित्रासाठी साप काठीने हलवणे, फांदी वाकवणे किंवा वाटाड्याला तसे करायला सांगणे हा प्रकार दुर्दैवाने सर्रास चालतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्यांना पकडणे आणि त्रास देणे गुन्हा आहे, ही बाब गटप्रमुखाने आदल्या रात्रीच सर्वांना स्पष्ट सांगावी. हिरण्यकेशीच्या कुंडात साबण लावणे, पाय बुडवणे किंवा माशांना चुरमुरे टाकणे कटाक्षाने टाळावे. येथे उगम पावणारी नदी पूर्वेकडे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचते, तर याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे धावतो. कुंडापाशी उभे राहून गटाला हे समजावून सांगितले की पाणी स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही.

रात्रीची फेरी करायची असल्यास ती वाटाड्यासोबत, पाच-सहा जणांपुरती आणि परवानगी असलेल्या भागातच करावी. पावसाळी रात्री बेडूक आणि सरपटणारे प्राणी मोठ्या संख्येने रस्ता ओलांडतात व चाकांखाली मरतात. म्हणून गटाच्या वाहनचालकाला अंधार पडल्यावर अगदी सावकाश चालवण्यास, आणि शक्यतो वाहन उभेच ठेवण्यास सांगावे.

आरोग्याची तयारी

जळवांची भीती अनेकांना सर्वाधिक वाटते, पण त्या सर्वांत कमी धोकादायक असतात. चिकटलेली जळू ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे, जागा धुवावी आणि दाबून धरावे. तिच्या लाळेमुळे रक्त गोठण्यास वेळ लागतो, त्यामुळे काही वेळ रक्त येत राहिले तरी घाबरू नये.

अधिक लक्ष लेप्टोस्पायरोसिसकडे द्यावे. सिंधुदुर्गात पावसाळ्यात हा आजार आढळतो आणि त्याचे जंतू उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात जातात. पायाला चीर किंवा फोड असलेल्याने शेतातील साचलेल्या पाण्यात उतरू नये. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना आपण कोठे जाऊन आलो हे आवर्जून सांगावे. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी माकडतापाची माहिती घ्यावी. 2016 साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात या आजाराची साथ आली होती आणि तो गोचिडींमार्फत पसरतो. जंगलात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

सर्पदंशाबाबत एक गोष्ट प्रत्येक गटप्रमुखाला माहीत असावी. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. चापड्याच्या दंशावर ती उपयोगी पडत नाही आणि रुग्णालयात लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणूनच फांदीला किंवा खडकाला हात लावण्यापूर्वी नीट पाहणे हा खरा उपाय आहे. दंश झाल्यास चिरा देऊ नयेत, घट्ट आवळपट्टी बांधू नये, तो अवयव हलू न देता रुग्णाला सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे आणि त्याच वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गटातील प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

शाळेतील दोन तास

दोन तास पुरे आहेत. शनिवारी सकाळी स्वच्छ कपड्यांत, ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि परिपाठात सहभागी व्हावे. शाळेने सत्काराची तयारी केली असेल तर नम्रपणे ती थोडक्यात आटोपण्याची विनंती करावी. नारळ, शाल आणि पुष्पगुच्छांचा खर्च अनेकदा शिक्षकांच्या खिशातून होतो, म्हणून सत्कार नको असे पत्रातच लिहिलेले बरे.

भाषण कोणीही करू नये. मुलांना ‘मोठेपणी कोण होणार’ असे विचारण्याऐवजी आदल्या दिवशी जंगलात पाहिलेल्या गोष्टींबद्दल विचारावे. आपण काढलेली पाने, शेंगा, कोळ्याची जाळी, बेडूक यांची छायाचित्रे छापून नेता आली तर उत्तम. तसे शक्य नसल्यास हाताने काढलेली साधी चित्रे चालतात. या झाडाला घरी काय म्हणतात, याचे फळ खातात का, हा पक्षी कधी दिसतो, गवा शेतात आला की काय करतात, असे प्रश्न निघाले की घरात मालवणी बोलणारी मुले त्यांच्या बोलीत भराभर सांगू लागतात. त्यांना प्रमाण मराठीत बोलायला लावू नये. गटातील एकाने ही माहिती वहीत लिहून घ्यावी आणि तिची स्वच्छ प्रत शाळेला द्यावी. मुलांना जंगलात घेऊन जाण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात ती जबाबदारी पेलण्यासारखी नसते आणि पालकांच्या लेखी संमतीविना ते योग्यही नाही. शाळेच्या आवारातील झाडे पुष्कळ आहेत.

एखादा हाताने करण्याचा उपक्रम हवा असेल तर मी पर्जन्यमापक सुचवीन. वरून खालपर्यंत सारखाच रुंद असलेला पारदर्शक डबा घ्यावा, त्यावर मोजपट्टी चिकटवावी आणि उघड्या जागी, झाडापासून व छपरापासून दूर तो घट्ट बसवावा. आंबोलीत एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडू शकतो, तेव्हा डबा निदान चाळीस सेंटिमीटर उंच असावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर पाचवीतील मुले शाळेच्या छपरावर पडलेल्या पाण्याचा हिशेब स्वतः मांडतात. रोज सकाळी एकाच वेळी नोंद करण्यासाठी एक जाड वही सोबत द्यावी.

मुलांना चॉकलेट, बिस्किटे वाटू नयेत. शालेय पोषण आहार मुलांच्या हजेरीप्रमाणे शिजतो, त्यामुळे आग्रह झाला तरी पाहुण्यांनी त्या जेवणात वाटेकरी होऊ नये. गटातील कोणतीही व्यक्ती मुलासोबत एकटी राहणार नाही, कोणी मुलांचे दूरध्वनी क्रमांक मागणार नाही, हे आधी सर्वांना सांगून ठेवावे. छायाचित्रांसाठी एकच व्यक्ती नेमावी; मुलांचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे पालक आणि मुख्याध्यापक यांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि संमती असली तरी सोबत मुलाचे नाव लिहू नये. फाटकी चप्पल किंवा गळके छप्पर टिपून त्यावर करुण मजकूर लिहिणे हा त्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अपमान आहे, असे मी ठामपणे मानतो.

परतल्यावर

आठवड्याभरात मुख्याध्यापकांना आभाराचे पत्र, छापील छायाचित्रे आणि मुलांनी सांगितलेल्या झाडा-प्राण्यांच्या नावांची यादी टपालाने पाठवावी. जंगलात दिसलेल्या जीवांच्या नोंदी वाटाड्याला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्याव्यात. दुर्मीळ जातींची नेमकी जागा मात्र जाहीरपणे सांगू नये, कारण ती वाचून पुढच्या आठवड्यात कॅमेरे घेतलेली गर्दी तेथे पोहोचते. खर्चाचा हिशेब गटातील सर्वांना दाखवावा आणि शिल्लक रक्कम कशासाठी वापरायची ते शाळा व्यवस्थापन समितीला विचारून ठरवावे. पुढच्या वर्षी जायचे असेल तर त्याच शाळेत जावे, आणि तारीख मागण्यापूर्वी पावसाच्या नोंदवहीचे काय झाले ते विचारावे.